तेल्या: हडसन ते शिरूर, एका डागाची गोष्ट

शिरूर-दौंडच्या जिरायती पट्ट्यात डाळिंबवाल्याला विचारा, सगळ्यात जास्त भीती कशाची? बाजारभाव नंतर, आधी 'तेल्या'. पानावर तेलकट ठिपका, मग फळावर काळा डाग, आणि मग फळ तडकतं. वर्षभराचा खर्च बांधावर फेकायचा.

या रोगाचा एक लांबचा भाऊ आहे, सफरचंद आणि नाशपातीवरचा 'फायर ब्लाइट'. झाड आगीत होरपळल्यासारखं दिसतं म्हणून हे नाव. 1780 च्या सुमारास अमेरिकेत हडसन खोऱ्यात तो दिसला. कारण मात्र जवळपास शंभर वर्षं कळलं नाही. 1878 च्या सुमारास इलिनॉयच्या थॉमस बरिल यांनी सांगितलं की हे जिवाणूचं काम आहे. झाडांनाही जिवाणूंमुळे रोग होतो, हे जगाला तिथून कळलं.

आपला तेल्याही जिवाणूचाच, फक्त जात वेगळी. भारतात त्याची पहिली नोंद 1952 ची, दिल्लीची. महाराष्ट्रात त्याने खरा हाहाकार केला 2000 नंतर. सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झालं 2005 मध्ये.

मग मधली पन्नास वर्षं तो गप्प का होता? इथे पुणे जिल्ह्याचाच इतिहास बघा. 1936 मध्ये डॉ. चीमा यांनी गणेशखिंडच्या फळसंशोधन केंद्रात आळंदीच्या डाळिंबातून एक मऊ बियांचं झाड निवडलं. तेच पुढे 'गणेश'. त्याच्या वंशातून आला 'भगवा': रंग झकास, निर्यातीला चांगला. मग जो तो भगवाच लावायला लागला, तोही गुटी कलमाने. म्हणजे एकाच कोडच्या लाखो कॉपी! एकीत जो बग, तो सगळ्यांत. वरून ठणठणीत दिसणाऱ्या रोपातूनच जिवाणू गावोगाव पोचला. पुढचं काम पावसाच्या शिंतोड्यांनी आणि छाटणीच्या कात्रीने केलं.

औषधाचं काय? अमेरिकेत फायर ब्लाइटवर स्ट्रेप्टोमायसिन मारलं, आणि 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात त्याला न जुमानणारे जिवाणू सापडले. आपल्याकडेही तेल्यावर तेच प्रतिजैविक भरपूर फवारलं गेलंय. तोच औषधगट माणसाच्या क्षयरोगावरही वापरतात, हे विसरून चालणार नाही.

म्हणून टिकलेले उपाय साधेच आहेत. खात्रीची रोपं. रोगट फांदी डागाच्या दोन इंच खालून छाटायची, दर झाडानंतर कात्री निर्जंतुक करायची. पडलेली पानं-फळं गोळा करून जाळायची. बोर्डो मिश्रण. बागेला तीन-चार महिने विश्रांती. मृग बहार पावसात सापडतो, म्हणून अनेकजण हस्त बहाराकडे वळले. तिथे अडचण वेगळी: जमीन ओली असेल तर झाडाला नीट ताण बसत नाही.

आणि एक गोष्ट एकट्याने होत नाही. शेजारच्या सोडून दिलेल्या बागेत तेल्या असेल, तर तुमची कात्री कितीही स्वच्छ असो, वाऱ्या-पावसाला बांध दिसत नाही. तेव्हा हा भाग ऐकून झाला की शेजारच्या बागवाल्यालाही पाठवा. भेटू पुढच्या भागात!