मीटर नसलेल्या विहिरी

विजेचे मीटर हे केवळ साक्षीदार असते, हा समज अर्धाच खरा. फिरत्या चकतीच्या जुन्या मीटरमधील व्होल्टेज कॉइल, घरात एकही दिवा लागलेला नसताना, वॅटभर वीज अखंड खात असे. जोडणी अशी केलेली असे की हा खर्च ग्राहकाच्या नव्हे, वीजमंडळाच्या खाती पडावा. मोजणारे यंत्र मोजल्या जाणाऱ्या परिपथात थोडी ढवळाढवळ करतेच.

यावलच्या शिवारात मात्र त्याहून मोठी ढवळाढवळ केली ती मीटर नसण्याने.

१९७७ साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने शेतीपंपांसाठी युनिटऐवजी अश्वशक्तीवर आकारणी सुरू केली. रानोमाळ विखुरलेल्या विहिरींवर जाऊन रीडिंग घेण्याचा खर्च त्यामुळे वाचणार होता. पाच एचपीचा पंप दिवसाला दोन तास चालो वा दहा, बिल तेच.

सातपुड्याच्या पायथ्याचा गोट्या-वाळूचा पट्टा पाणी भरभरून मुरवतो, आणि केळीला ते बारमाही लागते. जादा तासाला मोल नाही आणि विजेची वेळ बेभरवशाची, तेव्हा स्टार्टरला ‘ऑटो’ बसवणे शहाणपणाचेच होते. वीज येताच मोटार आपोआप सुरू. पण एका डीपीवरच्या साऱ्या मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या की व्होल्टेज कोसळते; कमी व्होल्टेजवर मोटार अधिक प्रवाह ओढते; वाइंडिंग जळते, कधी डीपीही. विहिरी आटल्या, बोअर खोल गेले, आणि यावल-रावेर ही नावे भूजलाच्या अतिउपशाच्या यादीत आली. सारा दोष दरपद्धतीचा नव्हे. केळीचा पैसा आणि अनियमित वीज यांचाही त्यात वाटा आहे.

दुसरा परिणाम कागदावर झाला. न मोजलेला शेतीवापर अंदाजाने मांडला जाई आणि चोरी व गळती त्याखाली झाकली जाई. २००० साली वीज नियामक आयोगापुढील दरसुनावणीत पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या गटांनी हे आकडे तपासायला लावले, तेव्हा गळतीचा मान्य आकडा बराच वाढला. तोवर ती वीज शेतकऱ्याने फुकट वापरली, असेच सांगितले जात होते.

विद्युत अधिनियम २००३च्या कलम ५५ने दोन वर्षांत मीटरविना पुरवठा बंद करण्यास सांगितले. मुदत उलटली, बिनमीटरचे पंप राहिलेच. २०२४मध्ये राज्याने कृषिपंपांना मोफत वीज जाहीर केली. तिची मर्यादा ७.५ एचपी अशी ठरली, युनिटमध्ये नव्हे.