घराणी आणि विद्यालये

ख्यालगायनाच्या ज्या शैलींस आपण ‘घराणी’ म्हणतो, त्यांची नावे बहुधा गावांवरून पडली. पण त्यांचा विस्तार त्या गावांबाहेर, विशेषतः मराठी मुलखात झाला.

ग्वाल्हेरची विद्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी दक्षिणेत आणली. बंदिशीचे स्थायी-अंतरे नीट मांडून मग आलाप, बोल, तान अशा क्रमाने राग फुलविणे, ही तिची रीत. किराण्याचे अब्दुल करीमखाँ मिरजेस स्थिरावले. एकेका स्वरावर रेंगाळत विलंबित लयीत रागाची बढत करणे, हे त्यांचे वैशिष्ट्य. आग्र्याचे फैयाजखाँ वडोद्याच्या दरबारी होते. त्यांच्या गायकीत नोम्-तोम् आलापी व बोलांचा लयदार खेळ प्रमुख. अत्रौलीचे अल्लादियाखाँ कोल्हापुरास शाहू महाराजांच्या आश्रयास आले. पेचदार तान आणि अनवट राग ही त्यांची मिरास.

ही विद्या पूर्वी गुरूच्या मर्जीवर अवलंबून असे. ती कोंडी दोघा मराठी पुरुषांनी फोडली. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. पंडित भातखंडे यांनी अनेक उस्तादांकडून चिजा मिळवून त्या स्वरलिपीत छापल्या; त्यांच्याच पुढाकाराने १९१६ साली वडोद्यास संगीत परिषद भरली आणि १९१८ साली ग्वाल्हेरीस माधव संगीत विद्यालय निघाले. सामान्य घरांतील मुलामुलींना गाणे शिकता येऊ लागले, हे ऋण लहान नव्हे.

तथापि शिक्षकाच्या पेशात वय गेलेल्या माझ्यासारख्यास एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. छापील पुस्तकाने चीज वाचली. शैली मात्र पुस्तकात मावली नाही. स्वर कोणता, हे स्वरलिपी सांगते; त्या स्वरावर किती थांबावे आणि तो कसा सोडावा, हे गुरूसमोर बसूनच कळते. गोमंतकातील केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर या अल्लादियाखाँच्या घरच्या नव्हत्या, तरी दीर्घ तालमीने त्यांची गायकी या दोघींच्या गळ्यात उतरली. मोगूबाईंचे कुर्डी गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. त्यांचे गाणे मात्र कन्या किशोरी आमोणकर यांनी पुढे नेले, आणि नेताना स्वतःच्या विचाराने बदललेही.

तात्पर्य, विद्यालयाने दार उघडले, घराण्याने आतली वाट दाखविली. आज परीक्षांची प्रमाणपत्रे विपुल झाली आहेत. अशा वेळी आपल्या शाळांतील संगीताच्या तासाला पुस्तकाइतकेच ऐकण्यालाही स्थान मिळाले पाहिजे. राग ओळखणारा विद्यार्थी तयार होतो. एकच राग दोन घराण्यांत दोन परींनी कसा उभा राहतो, हे ज्याच्या कानाला उमगते, तो रसिक होतो. असे रसिक असतील, तरच या शैली पुढच्या पिढीच्या हाती पडतील.