जानपद विद्यापीठ, गोटगोडी

लोकसंस्कृतीचे अध्ययन, अध्यापन व जतन यांसाठी कर्नाटक शासनाने २०११ च्या कायद्याने स्थापन केलेले विद्यापीठ. ते हावेरी जिल्ह्याच्या शिग्गाव तालुक्यात, पुणे–बंगळूर महामार्गावर आहे. बेळगावकडून येणारी वाहने हुबळी शहराला वळसा घालून तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीजवळून दक्षिणेस जातात. त्याच रस्त्याने पुढे गोटगोडी लागते. पहिले कुलगुरू अंबळिके हिरियण्णा. संत कनकदासांचे बाड आणि संत शिशुनाळ शरीफ यांचे शिशुविनहाळ ही गावे याच तालुक्यातली.

या भागात विद्येची परंपरा जुनी आहे. धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात असताना, १९३९ साली, सरकारने धारवाडला कन्नड संशोधन संस्था काढली. १९४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेले कर्नाटक विद्यापीठ १९५० साली धारवाडला आले आणि ही संस्था पुढे त्याच्याकडे सोपवण्यात आली. शिलालेख, ताम्रपट, हस्तलिखिते यांचे मोठे काम तिथे झाले. लोकसाहित्यही शिकवले जाई, पण भाषेच्या अभ्यासाचा एक भाग म्हणून. ज्यांची विद्या कंठात आणि हातात आहे त्यांच्यासाठी वेगळे विद्यापीठ निघायला २०११ साल उजाडले. हा उशीर फार झाला.

या विद्येचे स्वरूप जग्गलगी या वाद्यावरून कळते. ते हुबळी-धारवाड भागातले. बैलगाडीच्या चाकावर म्हशीचे कातडे मढवून ते करतात. उचलून नेण्याऐवजी रस्त्याने लोटत नेतात. होळी-उगादीच्या मिरवणुकीत सुमारे पंधरा जणांचा ताफा ते वाजवतो. ताफ्याचा म्होरक्या मात्र कणिहलगी वाजवतो. ती लहान, मातीची, वासराच्या कातड्याने मढवलेली असते आणि तिच्या ठेक्यावर सगळी मोठी वाद्ये चालतात. कातडे किती ओढायचे, किती तापवायचे हे पुस्तकात वाचून येत नाही. मढवणाऱ्याच्या शेजारी बसूनच ते शिकावे लागते.

पश्चिमेकडच्या यल्लापूर, हल्याळच्या रानातील सिद्दी लोकांचे दमामी नृत्य हीदेखील अशीच विद्या. आफ्रिकी वंशाचा हा समाज कोकणी, मराठी व कानडी यांची सरमिसळ झालेली भाषा बोलतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला.

विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणाबरोबर पदविका व प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहेत. गावोगावचा इतिहास, दैवते, जत्रा, कलावंत यांची जिल्हावार नोंद करणारा ग्रामचरित्रकोश हा त्याचा सर्वांत मोलाचा उपक्रम म्हटला पाहिजे. जवळच उत्सव रॉक गार्डन आहे. उत्तर कर्नाटकातील ग्रामजीवन शिल्परूपाने उभे करणारे हे उद्यान चित्रकार टी. बी. सोलबक्कनवर (निधन २०२०) यांनी साकारले. ते विद्यापीठाचा भाग नाही. पुतळ्यांनी गावाची ओळख होते. विद्या चालू राहण्यासाठी माणसे लागतात.

अशा माणसांना विद्यापीठात त्यांच्या रीतीने जागा देता येते. न्यूझीलंडमधील वेलिंग्टनच्या विद्यापीठाने १९८६ साली आवारातच तिथल्या मूळ रहिवासी माओरींचे सभागृह, म्हणजे मराए, उघडले. तिथे माओरी रिवाजच चालतो. गुजरातेत तेजगडला गणेश देवी यांनी उभारलेल्या आदिवासी अकादमीचा रोखही तोच. गोटगोडीची खरी कसोटी हीच आहे: पदवी नसलेला वादक किंवा जडीबुटीचा जाणकार तिथे मानधन घेणारा पाहुणा राहतो, की नेमणूक झालेला शिक्षक होतो? तो शिक्षक व्हायला हवा.

मराठी अभ्यासकाला इथे घरचे बरेच सापडेल. पुरुष श्रेष्ठ की प्रकृती, शिव की शक्ती, हा कलगी-तुऱ्याचा सवाल-जवाब कानडीत हरदेशी-नागेशी म्हणून रात्र रात्र रंगतो. तो ऐकल्यावाचून मराठी शाहिरीचा इतिहास पुरा होणार नाही.