जिथं शंभर माणसं जमतात



पेण-रोह्याकडच्या वडीलधाऱ्या मंडळींना गॅसबत्ती चांगली आठवत असेल. देवळात कीर्तन असो, शाळेचं संमेलन असो की उत्सवातलं नाटक असो, दिवस मावळला की एखादा जाणता माणूस बत्ती घेऊन बसे. मेंटल बांधायचं, स्पिरिट पेटवायचं, हवा भरायची आणि बत्ती आढ्याच्या आकड्याला टांगायची. कार्यक्रम संपला की ती खाली उतरे, विझे आणि घरी जाई. तिचा धोका डोळ्यांना दिसत असे, म्हणून तिच्यावर कोणाची तरी नजर राही.

विजेचं तसं नाही. दिवा मालवला तरी तार भिंतीवर राहतेच. ती कुठे कुजली, कुठे उंदरानं कुरतडली, कुठे कौलातून गळलेलं पाणी तिच्यावर झिरपलं, हे खाली सतरंजीवर बसलेल्याला दिसत नाही. म्हणूनच जिथं माणसांचा जमाव बसतो, तिथल्या तारांसाठी वेगळे नियम झाले. त्या नियमांची हकीकत थोडी दूरदेशी सुरू होते, पण येऊन पोचते ती आपल्या सभामंडपात.

८ डिसेंबर १८८१ रोजी ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात रिंग थिएटर जळालं. तिथं गॅसचे दिवे होते. आग लागल्यावर गॅस बंद झाला, सगळीकडे अंधार पसरला आणि शेकडो माणसं वाट न सापडून मेली. त्याच महिन्याच्या २८ तारखेला लंडनच्या सॅव्हॉय थिएटरचे चालक रिचर्ड डॉयली कार्ट विजेचा पेटता दिवा हातात घेऊन रंगमंचावर आले. दिव्याभोवती मलमल गुंडाळून त्यांनी तो फोडला. मलमल पेटली नाही. वीज किती निर्धोक आहे, हे लोकांना दाखवायचं होतं.

दिवा निर्धोक ठरला. पण तारेचं काय? जाणत्यांना ही शंका होतीच. पुढच्याच वर्षी, १८८२ साली, विजेच्या दिव्यांमुळे आगी लागू नयेत म्हणून तिथल्या अभियंत्यांच्या संस्थेनं नियम छापले. ती शंका खरी ठरली ३० डिसेंबर १९०३ रोजी, अमेरिकेतल्या शिकागो शहरात. इरोक्वा थिएटर नुकतंच बांधलेलं. 'आग लागूच शकत नाही' अशी त्याची जाहिरात. रंगमंचावरच्या विजेच्या आर्क दिव्याची ठिणगी पडद्याला लागली आणि ६०२ माणसं गेली. कित्येक दारं बंद होती. यातून दोन गोष्टी ठरल्या. तार आणि दिवा कापडापासून दूर ठेवायचे. आणि बाहेर जाण्याच्या वाटेवरचे दिवे वेगळ्या सर्किटवर घ्यायचे, म्हणजे एक फ्यूज गेला तरी साऱ्या सभागृहात अंधार होणार नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. १९१० साली हिंदुस्थानात वीज कायदा झाला. त्याच्या ३० व्या कलमात एक आकडा होता : शंभर. जिथं शंभर किंवा अधिक माणसं जमण्याचा संभव आहे, तिथं २५० वॅटपेक्षा जास्त वीज वापरायची तर सात दिवस आधी लेखी सूचना दिली पाहिजे. ती जागा देऊळ आहे की तमाशाचा फड, हे कायदा विचारीत नव्हता. तो फक्त डोकी मोजीत होता.

गंमत पाहा. हा कायदा झाला तेव्हा आपल्या जिल्ह्यात, म्हणजे त्या वेळच्या कुलाब्यात, टाटांचं पहिलं वीजघरही उभं नव्हतं. खोपोलीचं १९१५ साली झालं, भिऱ्याचं १९२७ साली. मुळशीचं पाणी सह्याद्रीवरून भिऱ्याला उतरतं, चक्रं फिरवतं आणि कुंडलिकेतून रोह्याकडे वाहत येतं. पाणी रोह्याला आलं, उजेड मात्र मुंबईला गेला. खेडोपाडी वीज पोचली ती मुख्यतः १९६० साली राज्य वीज मंडळ स्थापन झाल्यावर. म्हणजे आपल्याकडे नियम आधी आला आणि दिवा मागाहून. दिवा सर्वांनी पाहिला. नियम कोणाच्या दृष्टीस पडला नाही. गॅसबत्तीची सवय तशीच राहिली : कुठंही टांगा, वेळ भागवा.

ही सवय किती महाग पडते? २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली गावी एका शाळेचा बक्षीस समारंभ चालू होता. मांडव कृत्रिम धाग्याच्या कापडाचा. आग लागली आणि काही मिनिटांत चारशेहून अधिक माणसं गेली. त्यांत मुलं पुष्कळ. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ट्रान्सफॉर्मरच्या आगीचा धूर शिरला. अंधारात वाट सापडली नाही. ५९ माणसं दगावली. व्हिएन्नाला ११५ वर्षं होऊन गेली होती, पण धडा तोच.

२००३ साली नवा वीज कायदा आला. त्याच्या ५४ व्या कलमात तोच शंभराचा आकडा आहे, त्याच २५० वॅटच्या मर्यादेला १०० व्होल्टची जोड आहे आणि तीच सात दिवसांची मुदत आहे. सूचना द्यायची विद्युत निरीक्षकाला आणि जिल्हाधिकाऱ्याला. सात दिवस का? कोणीतरी येऊन तार पाहावी म्हणून. आणि आपला मांडव उभा राहतो आदल्या रात्री!

पेणच्या मूर्ती मुंबई-पुण्यापासून परदेशापर्यंत जातात. त्या जिथं बसतात तिथं कापड, कागद, लाकूड आणि दिव्यांच्या माळा एकमेकांना खेटून असतात. रोह्याला धावीर महाराजांच्या उत्सवात माणसांचा पूर लोटतो. शंभराचा आकडा इथं केव्हाच मागं पडतो.

तेव्हा शिक्षकांनी आणि उत्सवाच्या कार्यकर्त्यांनी इतकं तरी पाहावं. काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावं आणि जोडणी रीतसर तात्पुरती घ्यावी. तारेवर आकडा टाकू नये. उघड्या, पीळ घातलेल्या जोडावर चिकटपट्टी गुंडाळून भागवू नये. तार पाइपातून न्यावी. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार घालू नये. तो जातो तेव्हा तो आपल्याला काही सांगत असतो. गळती होताच वीज तोडणारं यंत्र बसवावं. अर्थिंगचा खड्डा कातळाळ जागी असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालावं. मांडव विजेच्या वाहत्या तारांखाली घालू नये. आणि बाहेरची वाट मोकळी व उजेडाची ठेवावी.

यंदाच्या संमेलनाची तारीख ठरली की निमंत्रणपत्रिका छापायला जाते. त्याच दिवशी आणखी एक पत्र लिहावं, विद्युत निरीक्षकाला. गॅसबत्ती पेटवणारा जाणता माणूस आज आपल्यात नसला, तरी त्याची नजर आपल्यापाशी हवी.