पाऊस ओळखणारी काच

मोटारीच्या पुढच्या काचेला, आतल्या आरशाच्या आड, जेमतेम दोन बोटे रुंदीची एक काळी डबी चिकटवलेली असते. पावसाचे पहिले थेंब पडले की तीच वायपरला हलायला सांगते, सर वाढली की घाई करायला लावते आणि पाऊस ओसरला की थांबवते. ही डबी सर्रास दिसू लागली त्याला तीनच दशके होत आहेत. तिच्या घराण्याचा माग काढू लागलो की मात्र आपल्या हाती दोन वंशावळी लागतात. एक काच पुसणाऱ्या हाताची. ती सव्वाशे वर्षांत आटोपते. दुसरी काचेत कोंडलेल्या प्रकाशाची. तिच्या मूळपुरुषासाठी थेट सतराव्या शतकातल्या प्रागपर्यंत जावे लागते.

धाकट्या वंशावळीपासून सुरुवात करू. 1902-03च्या हिवाळ्यात अलाबामातल्या बर्मिंगहॅमची मेरी अँडरसन न्यूयॉर्कला आली होती. बर्फाळ पावसात ट्रामचा चालक समोरची खिडकी उघडी टाकून, वारा आणि ओलावा तोंडावर झेलत गाडी हाकतो आहे, हे तिने पाहिले. घरी परतल्यावर तिने एक आराखडा तयार केला: आत एक तरफ, बाहेर रबराची पट्टी लावलेला झुलता हात, तो काचेवर घट्ट दाबून धरणारे वजन, आणि कोरड्या ऋतूत सगळे उतरवून ठेवण्याची सोय. 10 नोव्हेंबर 1903 रोजी तिला अमेरिकेचे 7,43,801 क्रमांकाचे पेटंट मिळाले. 1905 मध्ये तिने ते एका कॅनेडियन कंपनीला देऊ केले, तेव्हा यात व्यापारी मोल नाही, असे उत्तर आले. 1920 मध्ये पेटंटची मुदत संपली आणि मोटारींची लाट नेमकी त्यानंतर उसळली. मेरीबाईंना त्यातून एक छदामही मिळाला नाही. त्याच सुमारास इतरांचीही डोकी याच दिशेने चालत होती. जर्मन सम्राटाचा धाकटा भाऊ, प्रशियाचा राजपुत्र हाइनरिश याने 1908 मध्ये हाताने फिरवायच्या वायपरचे पेटंट घेतले. राजपुत्रालाही स्वतःची काच स्वतःच पुसावी लागे, ही या इतिहासातली एक गमतीची नोंद.

हाताची सुटका व्हायला पहिले महायुद्ध उजाडावे लागले. 1917 मध्ये शार्लट ब्रिजवूड या बाईंनी विजेवर चालणाऱ्या, रुळांच्या वायपरचे पेटंट घेतले, पण तो चालला नाही. त्याच वर्षी बफलो शहरात जॉन ओइशाई यांच्या मोटारीची पावसात एका सायकलस्वाराला धडक बसली. तो बचावला, पण ओइशाईंनी त्या प्रसंगानंतर वायपरचा धंदाच सुरू केला आणि त्यातून ट्रायको ही कंपनी उभी राहिली. पुढे अनेक वर्षे अमेरिकी गाड्यांत जो वायपर चालला, तो इंजिनाच्या शोषणावर, म्हणजे आत हवा ओढताना निर्माण होणाऱ्या निर्वातावर हलत असे. युक्ती स्वस्त होती, पण तिच्यात एक विनोदी खोट होती. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की निर्वात घटे आणि वायपर अगदी गरजेच्या वेळी रेंगाळे; पाय उचलला की तो उगाचच फडफडू लागे. वायपरची गती पावसाने ठरायला हवी. ती ठरत होती चालकाच्या पायाने. बॉशने 1926 मध्ये विजेच्या मोटरवरचा वायपर आणला आणि हळूहळू ही खोट मिटली. तरीही रिमझिम पाऊस हा प्रश्न उरलाच. वायपर सतत चालू ठेवावा तर कोरड्या काचेवर रबर करकरते, बंद ठेवावा तर समोरचे दिसत नाही.

इथे आपल्याला रॉबर्ट कर्न्स भेटतात. 1953 मध्ये लग्नाच्या रात्री शॅम्पेनच्या बाटलीचे बूच उडून त्यांच्या डाव्या डोळ्याला लागले आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेली. दहाएक वर्षांनी रिमझिम पावसात गाडी चालवताना त्यांच्या मनात आले, पापणी काही अखंड मिटत-उघडत नाही, मध्ये थांबते. वायपरने तसे का करू नये? थांबून चालणारे वायपर त्याआधीही करून पाहिले गेले होते. इंग्लंडच्या लुकास कंपनीतल्या जॉन एमॉस यांनी 1961 मध्येच इलेक्ट्रॉनिक वायपरच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, पण त्यांचे नाव आज कुणी घेत नाही. कर्न्स यांची रचना नेटकी होती. एक कपॅसिटर रेझिस्टरमधून सावकाश भरत राहतो, ठरावीक पातळी गाठली की ट्रान्झिस्टर मोटरला एक फेरा मारायला लावतो, आणि पुन्हा भरणे सुरू. रेझिस्टरचे मूल्य बदलले की थांबा लांबतो किंवा आखडतो. 1963 मध्ये त्यांनी ही रचना बसवलेली आपली गाडी फोर्ड कंपनीला नेऊन दाखवली; 1967 मध्ये पेटंट मिळाले; 1969 मध्ये फोर्डच्या गाड्यांत थांबून चालणारा वायपर आला आणि त्यात कर्न्स कुठेच नव्हते. 1978 मध्ये त्यांनी दावा लावला. सुटे भाग तर सगळे जुनेच, मग नवे काय, असा कंपनीचा युक्तिवाद होता. निकाल लागून फोर्डने सुमारे 1 कोटी डॉलर मोजले ते 1990 मध्ये. त्यापुढे क्रायस्लरविरुद्धचा खटला त्यांनी बहुतांशी स्वतःच लढवला आणि तोही जिंकला, पण तोवर संसार मोडला होता. भाग जुने, जुळणी नवी, हा वाद ऐकताना माझा कौल कर्न्स यांच्याकडेच झुकतो. त्या काळ्या डबीतही दुसरे काय आहे?

हात सुटला, ताल सुटला. आता उरला निर्णय. पाऊस गाडीनेच ओळखावा हे स्वप्न जुने आहे. हार्ली अर्ल यांच्या 1951च्या ल सॅबर या प्रायोगिक गाडीत आसनांच्या मध्ये ओलावा ओळखणारी कळ होती. थेंब पडला की उघडे छप्पर आपोआप बंद होई. 1970च्या सित्रोएन एसएम गाडीने वेगळाच मार्ग धरला. कोरडी काच पुसायला वायपरच्या मोटरला जास्त जोर लागतो, तेव्हा तिने खेचलेल्या विजेवरून काच किती ओली आहे याचा अंदाज बांधायचा. कल्पना सुरेख होती, पण तीत पाऊस कळण्यासाठी आधी वायपर फिरावा लागे.

आता थोरली वंशावळ. 1611 मध्ये प्रागमधल्या योहानेस केप्लर यांचा भिंगांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. काचेतून बाहेर पडू पाहणारा किरण पृष्ठभागावर सुमारे 42 अंशांहून जास्त तिरका आला तर तो बाहेर पडतच नाही, सगळाच्या सगळा आत परततो, हे त्यांनी त्यात नोंदवले. घरीही हे पाहता येते. काचेच्या पेल्यात पाणी भरून वरून तिरके पाहिले तर पेल्याची बाजू पारा लावल्यासारखी चकाकते. बाहेरून तिथे ओले बोट दाबा. तेवढ्याच जागी चकाकी विझते आणि बोटावरची रेघन् रेघ दिसू लागते. बाहेर हवा होती तोवर प्रकाश कोंडलेला होता, पाणी आल्यावर त्याला वाट मिळाली. 1802 मध्ये लंडनच्या विल्यम वुलस्टन यांनी याच गुणाचे मोजमाप केले. प्रिझमला एखादा पदार्थ भिडवायचा आणि कोणत्या कोनाला परावर्तन मोडते ते पाहून तो पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो हे ठरवायचे. वायपरच्या इतिहासात वुलस्टन यांचा उल्लेख कुणी करत नाही. माझ्या मते डबीचे खरे पूर्वज तेच. त्याआधी दोनच वर्षे, 1800 मध्ये, विल्यम हर्शल यांना तांबड्याच्या पलीकडचे अदृश्य, म्हणजे अवरक्त, किरण सापडले होते. ते किरण फेकणारे चिमुकले डायोड 1960च्या दशकाच्या आरंभी हाती आले.

एवढी सामग्री जमल्यावर जुळणीच काय ती बाकी होती. 1978च्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या रेमंड नोअॅक यांनी पावसाबरोबर वायपर आणि दिवेही आपोआप लावणारी योजना मांडली. कॅडिलॅकने 1996 मध्ये असा संवेदक गाड्यांत बसवला आणि मग इतरांनीही तो उचलला. डबीतला डायोड अवरक्त किरण काचेत 45 अंशांनी सोडतो. आजच्या काचेला बाहेर हवा असेल तर परावर्तनाची सीमा 41 अंशांच्या आसपास असते, म्हणून किरण परतून शेजारच्या प्रकाशग्राहकावर पडतो. थेंब पडला की सीमा 61 अंशांवर सरकते आणि 45 अंशांचा किरण पाण्यातून निसटतो. परतणारा प्रकाश किती आणि किती झपाट्याने घटला, यावरून पाऊस रिमझिम की मुसळधार हे ठरते. 41 आणि 61 यांच्या मधल्या जागेत सगळी करामत आहे.

म्हणूनच डबीच्या खोड्याही समजतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भर पावसात भाताण बोगद्यात शिरलो की वायपर मंदावतो, बाहेर पडताक्षणी दचकून धावतो. पेट्रोल पंपावरच्या पोऱ्याने ओले फडके फिरवले की तो त्याच्या हातावर येतो. काच बदलताना डबी आणि काच यांच्यामधल्या मऊ जेलच्या गादीत हवेचे बुडबुडे राहिले तर प्रकाशाची वाट बिघडते आणि कडकडीत उन्हातही वायपर फिरतो. टेस्लाने तर डबीच काढून टाकली. समोरचे चित्र कॅमेऱ्याने टिपायचे आणि त्यावरून संगणकाने पाऊस ओळखायचा, असा त्यांचा मार्ग. कोरड्या काचेवर वायपर फिरतो, खऱ्या पावसात उशिरा जागा होतो, अशा तक्रारी मालकांकडून वर्षानुवर्षे येत राहिल्या. दरम्यान त्या गाडीत वायपर हाताने लावण्याची सोय ठेवलेली आहेच.