राजूरचा कोळसा व मजुराचें दुसरें दार

अर्थशास्त्राचे सिद्धांत ग्रंथांत जितके निर्मळ दिसतात, तितके ते कोळशाच्या खाणींत उतरल्यावर राहत नाहींत. यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यांतील राजूर हें गांव कोळशाच्या खाणी व चुन्याच्या भट्ट्या यांमुळें ओळखलें जातें. आसपासचे लोक त्यास 'राजूर कॉलरी' असेंच म्हणतात. वेतन बाजारानें ठरवावें, सरकारनें त्यांत हात घालूं नये, आणि मजुराचें कल्याण व्यापाराच्या भरभराटींतून आपोआप साधेल, हें मत अशा गांवीं कितपत टिकतें, तें कोळशाच्याच इतिहासावरून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या मताचा आद्य आचार्य ॲडम स्मिथ. त्याचा प्रसिद्ध ग्रंथ १७७६ सालीं निघाला. न्यूकॅसलच्या खाणकामगारास साधारण मजुराच्या सुमारें दुप्पट, व स्कॉटलंडांत कित्येक ठिकाणीं तिप्पट वेतन मिळतें, असें त्यानें लिहिलें, आणि कामांतील कष्ट व घाण हें त्याचें कारण दिलें. परंतु त्याच स्कॉटलंडांत १६०६ च्या कायद्यानें खाणकामगार खाणीस जखडलेला होता. त्याच्या सुटकेस १७७५ सालीं आरंभ झाला व ती १७९९ सालीं पुरी झाली. म्हणजे आपले श्रम मोकळ्या बाजारांत विकण्याचा हक्कदेखील त्यास अखेर कायद्यानेंच मिळवून दिला. वेतन वाढूं नये म्हणून मालकांचा आपसांत मूक संकेत असतो, हेंही स्मिथनेंच सांगून ठेविलें आहे. त्याचे अनुयायी हा भाग सहसा वाचून दाखवीत नाहींत.

आपल्याकडे १९२९ च्या नियमांनीं स्त्रियांचें भूगर्भांतील काम क्रमाक्रमानें कमी होऊं लागलें व १९३७ सालीं तें बंद करण्यांत आलें. कायद्यानें स्त्रीची मजुरी हिरावून घेतली, हा खुल्या बाजाराच्या कैवाऱ्यांचा आक्षेप हलका नव्हे. दोन मजुऱ्यांची एक झाली म्हणून घरांतील खाणारीं तोंडें कमी होत नाहींत. पुढें महायुद्धांत कोळशाची निकड भासली, तेव्हां १९४३ सालीं ही बंदी उठविण्यांत आली. त्या वेळीं मजूरखातें सांभाळणारे डॉ. आंबेडकर यांनीं सारख्या कामास स्त्रीपुरुषांना सारखें वेतन, हें तत्त्व पुढें मांडलें. १९४६ सालीं बंदी पुन्हा आली. स्त्री खाणींतून वर आली ती कायद्याच्या दयेनें, खालीं गेली ती कोळशाच्या गरजेनें. दोन्ही वेळां निर्णय दुसऱ्यांचाच होता.

खाणकामगारांच्या कल्याणनिधीसाठीं कोळशावर कर बसविणारा कायदा १९४७ सालीं झाला. असा कर शेवटीं गिऱ्हाइकाच्या किंवा मजुराच्याच माथीं बसतो, असें टीकाकार म्हणतात, आणि त्यांत तथ्य आहे. तथापि जेथें राहण्याची खोलीही खाणीचीच असते, तेथें नोकरी सोडणें म्हणजे छप्पर सोडणें होय. अशा मनुष्याचा करार बरोबरीच्या दोघांचा करार कसा म्हणावा?

१ मे १९७३ रोजीं देशांतील बहुतेक खाजगी खाणी सरकारनें घेतल्या. १९७५ सालीं स्थापन झालेल्या नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्सकडे वणीकडील खाणी आल्या. मजुरास पगाराची शाश्वती लाभली, हें मान्य केलेंच पाहिजे. पण सरकारी मक्तेदारींत तोट्याचा हिशेब कोणी विचारीत नाहीं, हा आक्षेपही खोटा नव्हता. १ जानेवारी २००० पासून कोळशाचा भाव नियंत्रणमुक्त झाला, व २०२० सालीं व्यापारी खाणकामासाठीं लिलाव सुरू झाले. या साऱ्यांत मालक पालटले. मजुराच्या दृष्टीनें मात्र पूर्वीं जेथें अनेक मालक होते, तेथें एकच प्रचंड मालक आला, आणि आतां त्याच्या आड ठेकेदार उभा राहूं लागला आहे.

म्हणून सरकार बरें कीं बाजार बरा, हा वाद आम्हांस अपुरा वाटतो. राजूरच्या मजुरानें उद्यां 'हें काम मला नको' म्हटलें, तर त्याला दुसरें काम व दुसरें छप्पर कोठें मिळेल, हा खरा प्रश्न आहे. काळ्या मातींतील कापूस पावसाच्या लहरीवर, आणि भट्टीचें काम उन्हांत व धुरांत. ज्या धोरणानें त्याला दुसरें दार उघडेल, मग तें शाळेचें असो, आगगाडीचें असो वा नव्या धंद्याचें असो, त्या धोरणास स्वातंत्र्याचें नांव शोभतें. एकाच दाराच्या घरांत राहणाऱ्यास, तूं वाटेल तेव्हां बाहेर जाण्यास मोकळा आहेस, असें सांगण्यांत फारसें औदार्य नाहीं.