रोमच्या चुन्यातील पांढरे खडे

जुन्या वाड्याचे जोते खणताना पहार बोथट होते, पण दर्जांतील चुना सुटत नाही, असे आपल्यापैकी पुष्कळांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले असेल. चुन्यात विटांची सुरखी घालून तो घाणीत मळण्याची आपली रीत. रोमन लोकही चुन्यात खापरांची भुकटी घालीत, हे वाचले म्हणजे त्या परक्या गवंड्यांविषयी आपुलकी वाटू लागते. त्यांच्या चुन्याचे प्रयोगशाळांत जे पृथक्करण झाले, त्याची हकीकत येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

व्हिट्रुव्हियस हा सम्राट ऑगस्टसच्या काळातील वास्तुशिल्पज्ञ. सम्राटास अर्पण केलेल्या आपल्या ग्रंथात तो प्रमाणे देतो: वाळू खाणीतील असल्यास तिच्या तीन भागांस विरवलेला चुना एक भाग, नदीची वा समुद्राची असल्यास दोन भागांस एक. नेपल्सच्या उपसागराकाठच्या एका मातीचे मात्र त्याला विशेष कौतुक आहे, कारण ती चुन्यात कालवली की पाण्याखालीही दगडासारखी घट्ट होते. ही माती म्हणजे ज्वालामुखीची राख. पुत्सुओली गावावरून तिला पुढे ‘पोत्सोलाना’ हे नाव पडले. साधा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, म्हणून पाण्याखाली तो कुचकामाचा. या राखेतील सिलिका व ॲल्युमिना यांचा चुन्याशी जो संयोग होतो, त्यास हवा लागत नाही. हेरोद राजाने पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर सीझेरियाचे बंदर बांधविले, तेव्हा ही राख सुमारे 2000 किलोमीटरांवरून जहाजांनी आणली होती, हे तेथील नमुन्यांच्या पृथक्करणावरूनच कळले.

2002 पासून काही वर्षे संशोधकांनी अशा रोमन बंदरांचे धक्के यंत्राने भेदून आतील नमुने काढले. मारी जॅक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांवर क्ष-किरणांचे प्रयोग केले. त्यांत ॲल्युमिनियमयुक्त टोबरमोराइट या खनिजाचे स्फटिक आढळले. झिरपत्या समुद्राच्या पाण्यानेच ते शतकानुशतके वाढत गेले, असे त्यांनी 2017 मध्ये दाखविले. आपल्या लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटला जे खारे पाणी गंजवून खाते, तेच येथे पोषक ठरले!

मात्र आम्हांस याहूनही मोलाची वाटते ती पांढऱ्या खड्यांची गोष्ट. रोमन चुन्यात ठिकठिकाणी चुन्याचे बारीक पांढरे खडे दिसतात. कामगारांनी नीट मळले नाही, असे म्हणून अभ्यासक त्यांकडे दुर्लक्ष करीत. 2023 मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी.चे आद्मीर मासिक व त्यांचे सहकारी यांनी रोमच्या दक्षिणेकडील प्रिव्हेर्नम नगराच्या तटाचे नमुने तपासले. हे खडे फार मोठ्या उष्णतेत घडलेले निघाले. म्हणजे चुनकळी आधी न विरविता राखेत कोरडीच मिसळीत, आणि मग पाणी घालताच मिश्रण उकळे. पुढे भिंतीस तडा गेला की तो या ठिसूळ खड्यांतून जातो. आत शिरलेले पाणी त्यांतील कॅल्शियम विरघळवून घेते आणि त्याचे स्फटिक बनून तडा बुजतो. संशोधकांनी याच रीतीने नवे ठोकळे करून ते मुद्दाम तडकविले, तेव्हा अर्ध्या मिलिमीटरच्या भेगा काही आठवड्यांत भरून आल्या व पाणी झिरपणे थांबले.

मग व्हिट्रुव्हियस चुकला काय? आम्हांस तसे वाटत नाही. गिलाव्यासाठी तर तो दीर्घकाळ भिजविलेला चुनाच मागतो. तासणीने कापून पाहावा, पात्याला खडे लागले तर चुना अजून कच्चा, अशी परीक्षाही सांगतो. गिलाव्यात जो खडा फोड आणतो, तोच जाड भिंतीत उपकारक व्हावा, यात विसंगती नाही. मात्र भिंतीच्या चुन्याची ही कोरडी रीत त्याने लिहून ठेवली नाही. ती गवंड्यांच्या हाती होती, आणि त्यांचा ग्रंथ कोणी लिहिला नाही.

तिचा पुरावा पॉम्पेईने दिला. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला, तेव्हा तेथील एका घराचे बांधकाम चालू होते. अर्धवट भिंती व हत्यारे तशीच राखेखाली गाडली गेली. त्या घरातील साहित्याचे पृथक्करण 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे एक ढीग होता चुनकळी व ज्वालामुखीची राख कोरडीच मिसळून ठेवल्याचा. त्यावर पाणी ओतायचे तेवढे राहिले होते.